नितीनच्या नावाने बदललेली यादी

१० नोव्हें., सोमवार
काल नितीनचा तेरावा झाला. आज साजगावला कामावर. माझ्या या धाकट्या भावाची खुर्ची रिकामी. टेबलाखाली ती काळी पेटी चालूच. कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या फायली तिच्यात. खंडेनवमीचा झेंडू अजून तसाच, वाळलेला.
साहेबांनी बोलावलं. गुरुवारी पेटीतलं ड्रॉइंगचं फोल्डर उडालं. दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्यायची असते, ती दोन महिने घेतलेलीच नाही.
"कामांच्या यादीत नितीनचं नाव आहे."
म्हटलं, शनिवारी त्याचं डायलिसिस असायचं.
"मग शुक्रवारी घ्यायची. आता त्याच्या बायकोला, वैशालीला त्याच्या जागी घ्या, असं मी वर कसं सांगू?"
प्रकाश शेजारीच. नितीनचा दोस्त, त्याला खांदा दिलेला. मान वर केली नाही.

१२ नोव्हें., बुधवार
कॉपीचं काम श्रावणापासून प्रकाशकडे होतं. नितीनने घरी सांगितलेलं.
कॉम्प्युटरवर ती यादी उघडली. शेवटचा बदल: नितीन. गुरुवार, सकाळी ११.४०.
गुरुवारी त्याचा दहावा. आम्ही पाताळगंगेवर, कावळ्याची वाट बघत. प्रकाश मधूनच उठला होता. "दादा, ऑफिसातून फोन हाय, जाऊन येतो."
कावळा तो गेल्यावर शिवला.
नितीनचा पासवर्ड सगळ्यांना माहीत. चिठ्ठी नितीननेच कीबोर्डखाली लावलेली. पासवर्ड म्हणजे त्याच्या मुलीचं नाव. म्हणजे ते टाईप करून...

१४ नोव्हें., शुक्रवार
प्रकाशला गेटबाहेर गाठलं. आधी हसला. "काय दादा, आज चहा पाजताय वाटतं?"
यादीचा कागद दाखवला.
"दादा, माजी नोकरी गेली असती. त्याच्या नावावर गेलं तर त्याचं आता काय जानार हाय?"
मी कागदाची घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली. तोच म्हणाला, "साहेबांना दाखवा हवं तर. पासवर्ड कोनी वाटला, ते पन विचारतील."

१५ नोव्हें., शनिवार
सुट्टी टाकली. वैशाली सकाळी येऊन गेली. "दादा, साहेब काय म्हनले?" सोमवारी कळेल म्हणालो. मुलीला घेऊन ती माहेरी कर्जतला गेली. जाताना म्हणाली, "प्रकाशभाऊंना पन सांगा जरा शब्द टाकायला."
हो म्हणालो.
कागद डब्याच्या पिशवीत आहे. कालचा डबा तसाच राहिला होता. घासला, पालथा घातला.