बाबाची बुडी आणि आमचं हेलिकॉप्टर

शनिवार, ७ नोव्हेंबर १९९८
माझी मैत्रीण वनिता बाल्सावर बसली. चौधरी सरांनी नागपूरहून आणलेली त्या हलक्या लाकडाची एकच फळी, पापडाएवढी पातळ, चटईवर ठेवली होती. कट्टकन मोडली. रबरावर उडणारं हेलिकॉप्टर जास्तीत जास्त वेळ वर ठेवाच्या स्पर्धेले महिना राह्यला अन् लाकूडच नाई. सर रागावले नाईत. म्हणाले, "आता इथलंच काहीतरी शोधा." ते शांत बोलले की जास्त लागते.
वनितासोबत आज बोलणं बंद. उद्यापासून चालू, तिच्याशिवाय जमत नाई.

सोमवार, ९ नोव्हें.
बांबूची काडी, वर एक कागदाचा पंखा, खाली एक, मधात सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टीले पीळ देल्ला, सोडलं. गुडघ्याएवढं उडालं अन् वनिताच्या कोंबडीवर पडलं. वजनच लय. कोंबडी बरी आहे.

बुधवार, ११ नोव्हें.
आज घरी विषय काढलाच. आपल्या शाळेत दहावीच्या पुढं काही नाई. म्हटलं, "बाबा, मले अकरावी सायन्स घ्याचं आहे. गडचिरोलीले, वसतिगृहात राहून."
बाबा जाळं शिवत होते. वर पाह्यलंच नाई. "ताप आला तं तिथी कोण पाहीन तुले? दोन गाड्या बदलून ते गाव."
मी म्हटलं, इलेक्शनच्या टायमाले भामरागडकडं हेलिकॉप्टर गेलं, ते उडवणाराबी शिकाले घराबाहेर गेलाच असन ना. बाबा हसले. म्हणे, "तुझं कागदाचं पाखरू पाह्यलं मी, कोंबडीवर पडते ते. असं कर. मी तळ्यात बुडी मारतो. जेवढा वेळ मी खाली, तेवढा वेळ तुझं ते वर राह्यलं स्पर्धेत, तं जाय गडचिरोलीले."
माय चुलीजवळून म्हणे, "पोरीसंग पैजा लावते का कोणी?" पण लागली.

शुक्रवार, १३ नोव्हें.
बाबाची बुडी मोजली. तळ्याच्या पाळीवर उभी राहून एक, दोन, तीन... साठ झाले तरी पाणी शांत. ऐंशीले मी घाबरली. चौऱ्याण्णवले डोस्कं वर आलं, हातात अडकलेल्या जाळ्याचं टोक, अन् वरून विचारते, "झाले का शंभर?"
चौऱ्याण्णव. आमचं हेलिकॉप्टर चार मोजेपर्यंत पडते. मेली मी.

रविवार, १५ नोव्हें.
सापडलं. बाबा जाळं ओढत होते. जाळ्याची वरची दोरी पाण्यावर राह्याले भेंडाचे तुकडे बांधलेले असतात, ज्याचं बाशिंग करते तेच भेंड, आपल्याच तळ्यात उगवते. एक सुटून आला. हातात घेतला तं काही घेतलं असं वाटतच नाई. इतके वर्षं डोळ्यासमोर होतं अन् आम्ही नागपूरच्या लाकडासाठी रडून राह्यलो होतो.
मागितलं. "जाळं बुडन ना पोरी," बाबा म्हणाले. मंग दोन चांगले मोठे सोडून देल्ले. त्यांच्या जागी माझी जुनी रबरी चप्पल कापून बांधली. माय सगळ्यायले सांगत सुटली, पोरीनं जाळ्याले चपला घातल्या.

शुक्र. २० नोव्हें.
वनितानं ब्लेडनं भेंडाचे काय काप काढले! पलीकडचं बोट दिसते. कडेले बांबूची सळई, मधात सरांनी आणलेलं बारीक रबर. हातात धरलं तं फूल.
अन् उडत नाई. जागच्या जागी भिंगरीवानी फिरते. या वेळी दोन्ही पंखे एकाच साच्यावर कापले, एकदम सारखे, तरीबी नाई. मी आपटणार होती, वनितानं हात धरला. म्हणे, "आपट, अन् मंग बाबाजवळच जाळं शिवत बस." लागलं मले. दोघीबी रडलो, मंग चिवडा खाल्ला.

सोमवार, २३ नोव्हें.
बाबा अंगणात दोर वळत होते. माझं तोंड पाहून म्हणे, आण इकडं. पंखे उलटसुलट करून पाह्यले. "दोन्ही एकाच अंगानं वळवले तुमी. दोराचं पाह्य, पेड उजवीकडं पिळाचा अन् दोर डावीकडं वळाचा, तवा धरते. तुमचा वरचा पंखा वर नेते, खालचा खाली ओढते."
हेच तं! खालचा पंखा उलट्या अंगानं कापला. सोडलं. छपराले लागलं!
बाबा वर पाहतच राह्यले. मंग पैज आठवली असन, कपाळावर हात मारला अन् पुन्हा दोर वळाले बसले. मले त्यांची लय माया आली.

शनि. २८ नोव्हें.
समाजमंदिरात वारा नाई, तिथी उडवलं. एकसष्ट. रबराले एरंडीचं तेल लावलं तं पीळ जास्त बसते.

शनि. ५ डिसें.
अठ्ठ्याऐंशी! सहा कमी.
बाबा आंघोळीले म्हणून तळ्यावर गेले ते तासानं आले, डोळे लाल. माय म्हणे, सराव चालू आहे.

गुरुवार, १० डिसें. गडचिरोली
स्पर्धा झाली. एका शाळेचा मोठा हॉल, उंच टिनाचं छत, ते पेलणाऱ्या लोखंडी कैच्या. बाकीच्यायचे चकचकीत बाल्साचे. सगळ्यात जास्त टिकलं ते बावन्न सेकंद.
आमची पाळी. वनितानं धरलं, मी पीळ देल्ला, सोडलं. गेलं वर, वर, कैचीपाशी गेलं अन् लोखंडात अडकून बसलं. खाली येईच ना.
एक पंच म्हणे, अडकलं तिथीच घड्याळ थांबवा, तेहतीस सेकंद. दुसऱ्या पंच बाई नियमाचा कागद दाखवून म्हणे, "जमिनीला टेकेपर्यंत, असं लिहिलं आहे. टेकलं का?" नाई टेकलं. सर खुर्चीवर बसून हसत होते. बाईचं घड्याळ चालूच. जेवण झालं, बक्षिसं द्याची राह्यली, शिपाई म्हणे एवढी उंच शिडी नाई. निकाल पत्रानं कळवू म्हणाले.
आम्ही निघालो तवा ते वरच होतं.

शुक्रवार, ११ डिसें.
बाबा फाट्यावर उभे होते. "किती?"
"खाली आलंच नाई."
"म्हणजे?"
सगळं सांगितलं. तळ्यापाशी आलो. मंग म्हणे, "अजून वरच आहे?"
"वरच असन."
"मले तं वर यावंच लागते बापा."
अन् हसले. पैजेचं विचाराची हिंमतच झाली नाई.

रविवार, १३ डिसें.
पत्र नाई आलं. एवढ्यात येणारबी नाई, सर म्हणते.
सकाळी पाह्यलं तं जाळ्याले सगळ्या चपलाच. मायची, बाबाची, शेजारच्याची पण एक. सोडलेलं सगळं भेंड धुऊन, वाळवून, पिशवीत भरून माझ्या पेटीजवळ ठेवलेलं.
म्हटलं, "बाबा, हे काऊन?"
"गडचिरोलीले तळं आहे का नाई, भेंड भेटन का नाई, मले काय माहीत."
जाय असं म्हणाले नाईत अजून. पिशवी मी पेटीत ठेवली.