समुद्र तपासला, त्याची हकीकत

रत्नागिरी, १२ डिसेंबर १९५७

देवाजीभाऊंच्या पायांशी मुखरूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगाचा सराव परवाच झाला, तो पुढे सांगतो.) आपला गुडघा कसा आहे? धान घरी आलं का? मी बरा आहे, एक चप्पल सोडून.

तुमची बहीण, म्हणजे आमची कमळा, माझ्या बदलीचा हुकूम ऐकूनच पोंभुर्ण्यात पाय रोवून बसली, हे तुम्ही जाणताच. "पह्यले तुम्ही समुद्रात जाऊन पहा, मंग मले सांगा," म्हणाली. वाघाच्या जंगलात एकटी मोहफुलं वेचणारी बाई खाऱ्या पाण्याला भिते! तीन आठवडे स्वतः करपवलेला भात खाल्ल्यावर (जंगल खात्याच्या कारकुनाला लाकूड मोजता येतं, तांदूळ नाही) मी परवा समुद्र तपासायला निघालो.

खाडीवर जाऊन पाहतो तर पाणी पार दूर गेलेलं आणि मैलभर नुसता चिखल. मला भरून आलं. उन्हाळ्यात आपल्या बोडीतलं पाणी आटलं की सारं गाव हातानं मासे धरायला उतरतं, तसंच हे वाटलं. इथले लोक मात्र काठावर बसून होते. आळशी असावेत असं ठरवून मी धोतर खोचलं आणि उतरलो. जन्मभर धानाच्या बांधीत रोवणा केलेल्या माणसाला चिखल काय शिकवणार? पण आपल्या बांधीला तळ असतो. या चिखलानं आधी चप्पल घेतली, मग गुडघे, मग कमरेपर्यंत माझी चौकशी केली. तेवढ्यात पाणी परत येऊ लागलं. भाऊ, आपल्याकडे गेलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय तोंड दाखवत नाही. इथलं दिवसातून दोनदा येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (मीही विचारलं नव्हतं.)

पाणी पोटाला लागलं तेव्हा मात्र खरंच भ्यालो, आणि कमळेची फार आठवण आली. शिंपल्या वेचून परतणाऱ्या एका म्हातारीनं लांबूनच हुकूम सोडला, की उभा राहू नकोस, पोटावर आडवा हो आणि सरपटत ये. आपल्याकडे असं फक्त म्हशी करतात. मी केलं. काठावरच्या साऱ्या आळशी लोकांसमोर, तोंडात चिखल घेऊन, सरकारी कारकून किनाऱ्याला लागला.

आपला,
मुखरू

ता. क. कमळेला एवढंच सांगा, की समुद्र आत जाऊन पाहिला, गुडघाभर आहे.

आणखी ता. क. तसं सांगू नका, तुमच्या तोंडाकडे पाहूनच ती ओळखेल. त्यापेक्षा सगळं पत्र वाचून दाखवा. म्हशीपाशी आलात की ती हसेल. हसत असतानाच विचारा, येतेस का. इथे तिच्यावाचून करमत नाही, आणि हसताना तिनं मला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही.