कार्यालयीन वेळेतला रेल्वेप्रवास

सोमवार, २ फेब्रुवारी २००९

आज पकडला गेलो! पत्नीकडून नव्हे — फाटकाकडून.

क्वीन्सटाउन स्थानकातून बाहेर पडताना कार्ड टेकवले. लाल दिवा लागला, फाटक उघडेना. काचेच्या खोलीतल्या मुलीने यंत्रात पाहिले. "अंकल, साडेनऊला इथूनच आत. साडेबाराला इथूनच बाहेर. थ्री अवर्स! झोपलात काय?" मग माझ्या टायकडे पाहिले, बॅगेकडे पाहिले, आणि आवाज मऊ करून म्हणाली, "नेक्स्ट टाइम डोन्ट स्लीप, हां." जादा भाडे कापून मला मुक्त केले.

निद्राधीन ठरलो. सत्यापेक्षा ते बरे.

सत्य असे, की ती गाडी हे माझे कार्यालय आहे. २३ जानेवारीस बँकेने अंतर्गत लेखापरीक्षण विभागाची 'पुनर्रचना' केली, आणि नव्या रचनेत मला स्थान नव्हते. एकवीस वर्षांची सेवा एका खोक्यात मावली. लगेच चिनी नववर्षाची सुट्टी. लेक क्षिप्रा घरी, पत्नी शुभदा आनंदात — म्हटले, सुट्टी संपली की सांगू. सुट्टी संपली. शुभदाने सकाळी डबा भरून हातात दिला. भरलेला डबा परत कसा करायचा? घेतला आणि निघालो.

तेव्हापासून माझे कार्यालय वातानुकूलित आहे आणि दर चार मिनिटांनी सुटते.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

एमआरटीवर, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेवर, माझा आक्षेप असा, की तिच्यात दोष नाही. वेळेवर येते, वेळेवर जाते, कोठेही अकारण थांबत नाही. ज्या प्रवासात तक्रारीस जागा नाही तो प्रवास नव्हे, ते वहन. मी वाहिला जातो. बोगद्यात खिडकीबाहेर काळोख आणि त्या काळोखात माझेच मुखकमल — छप्पन्न वर्षांचे, टायसहित.

शिवाय भोजन हा दंडनीय अपराध! बटाट्याच्या काचऱ्या मांडीवर घेऊन उपाशी बसलो. शेवटी सेम्बावांगला उतरून एका इमारतीखालच्या दगडी मेजावर, पट मांडून बसलेल्या दोन चिनी आजोबांच्या साक्षीने पोळी खाल्ली. त्यांनी सरकून जागा दिली. काही विचारले नाही. कृतज्ञ आहे.

ध्वनिक्षेपकावरची बाई दर स्थानकात फलाटाजवळच्या फटीची आठवण करून देते. इंग्रजी रेल्वेचा वारसा म्हणून एवढेच वाक्य उरले. बाकी सारे जाताना साहेब सोबत घेऊन गेला असावा.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सापडले! टान्जोंग पगार — भूमिगत नव्हे, त्यापलीकडचे जुने स्थानक, जिथून मलेशियाच्या गाड्या सुटतात. एकवीस वर्षे या शहरात राहून इथे पाऊल ठेवले नव्हते. क्वालालंपूरला जायचे ते बँकेच्या खर्चाने, विमानाने. (नावातच पगार आहे. सांप्रत तेवढाच.)

१९३२ साली साहेबाच्या राज्यात बांधलेले. दर्शनी भागावर चार शुभ्र संगमरवरी पुतळे: शेती, वाणिज्य, वाहतूक, उद्योग. वाणिज्याच्या डोळ्यांत पाहण्याचा प्रयत्न केला. त्याने दाद दिली नाही. आत सभामंडपासारखे उंच छत, भिंतींवर मलायातल्या शेतीची भव्य चित्रे, आणि दिवसाला मोजक्या गाड्या. त्यांच्या मधल्या अवकाशात कोणीही कोणाला काही विचारत नाही. प्रतीक्षालयात बसलेला मनुष्य बेकार दिसत नाही, तो प्रवासी दिसतो. ब्रिटिश स्थापत्याचा हा सर्वोच्च गुण कोणत्याही ग्रंथात नमूद नाही.

डोळे मिटले आणि थेट १९७७! विलायतेत, लीड्सला हिशेबतपासनिसाची उमेदवारी करीत होतो. गावोगावच्या गिरण्यांच्या वह्या तपासायला आगगाडीने जायचे. डब्याचे दार उघडायचे तर आधी खिडकी खाली घ्यायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची — आतून मूठच नाही! इतकी बुद्धिमान गैरसोय हल्ली कोण निर्माण करतो? सामानासाठी जाळीच्या फळ्या. आसनांच्या वर समुद्रकिनाऱ्यांची चित्रे. स्किप्टनच्या प्रतीक्षालयात धगधगता कोळसा. गार्ड तिकिटाला भोक पाडताना म्हणायचा, "थँक्यू, लव्ह." मला! लव्ह!

आणि किती वेळा तरी अख्खा कप्पा माझ्या एकट्याचा. संस्थानिकासारखा जात असे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

कामाचा दिवस. चहा तीन, गाड्या दोन, निष्पत्ती शून्य. शुभदा: "दमलात?" मी: "फार." यात असत्य काही नाही.

रविवार, ८ मार्च

क्षिप्राचा निकाल उत्तम लागला. लीड्सच्या विद्यापीठात प्रवेश निश्चित — स्थापत्य अभियांत्रिकी.

"इथल्या विद्यापीठात काय वाईट आहे?" शुभदा.

"आई, हिअर एव्हरीथिंग सो फास्ट, लाह. बाबा माय होल चाइल्डहुड टॉकिंग अबाउट दॅट ट्रेन विथ द फायर."

"कोळसा गाडीत नव्हता," मी म्हणालो. "प्रतीक्षालयात होता."

"सेम-सेम, लाह!"

शुभदाने माझ्याकडे पाहिले. "घ्या. अठरा वर्षं गोष्टी सांगितल्यात, आता पाठवा."

तिच्या शिक्षणाची रक्कम वेगळी ठेवलेली आहे. तिला बँकही हात लावू शकत नाही. तेव्हा अडचण नव्हती. आज सांगून टाकायला हरकत नव्हती. पण पोरीने टाळी मागितली. दिली.

रविवार, २९ मार्च

मंडळाचा पाडवा. सुबोध भेटला — माझ्या शेजारच्या मेजावरचा, पुनर्रचनेतून वाचलेला. भेटणारच होता. पंचांगात न लिहिलेला योग.

शुभदाने त्याला श्रीखंडाच्या वाटीसह गाठले. "भावजी, यांना जरा लवकर सोडत जा की हो. रोज साडेसात होतात!"

सुबोधचा चमचा वाटीतच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे.

"काम वाढलंय, वहिनी," तो म्हणाला. देवमाणूस.

नंतर चपलांपाशी त्याने दंड धरला. "वेडा आहेस का, निशिकांत? दोन महिने झाले!"

"मुहूर्त पाहतो आहे."

"मुहूर्त? लग्न आहे का कोणाचं?"

"ते सत्तावीस वर्षांपूर्वी झालं. तेच टिकवायचं आहे."

तो हसला नाही. वाक्य चांगले होते.

मंगळवार, २१ एप्रिल

आज एक क्षुल्लक गोष्ट घडली. दिवसभर डोक्यातून जात नाही.

स्थानकात दहा बाके रिकामी. एक मलाय बाई टोपली घेऊन आली, सगळीकडे पाहिले, आणि नेमकी माझ्या शेजारी येऊन बसली. टोपलीतून केळीच्या पानात गुंडाळलेले काहीतरी काढले, अर्धे मला दिले. भाषा जमेना. गोड होते; आत खोबरे. गाडी लागल्यावर मान हलवून निघून गेली.

आणि मग लख्ख दिसले. लीड्सच्या त्या तीन वर्षांत माझ्या शेजारी येऊन कोणीही बसले नव्हते. लोक कप्प्याचे दार सरकवायचे, आत डोकावायचे, मी दिसायचो — आणि दार पुन्हा बंद. पावले पुढच्या कप्प्याकडे. गाडी भरलेली असायची! बोळात माणसे उभी असायची! अख्खा कप्पा माझा होता तो असा. आणि मी पंचवीस वर्षांचा मूर्ख, पाय पसरून मनात म्हणायचो, काय ऐसपैस देश आहे.

हे मला तेव्हा कळत नव्हते असे लिहिले होते. खोडले. कळत होते.

तीस वर्षे मी त्या गाडीच्या गोष्टी सांगत आलो. पोरीला ही सांगितली नाही.

रविवार, १७ मे

आज शुभदाला सांगायचेच, असा संकल्प करून तिला टान्जोंग पगारला नेले. रम्य वास्तू, शांत प्रसंग, गर्दी नाही — ओरडली तरी छत उंच.

चहाच्या ठेल्यावरचा मामा लांबूनच गरजला. "बॉस! संडेला पण? सेम ना, नो शुगर?"

"हा तुम्हाला कसा ओळखतो?"

"ऑफिस जवळच आहे. दुपारचा येतो कधीतरी."

तिला पटले. माझे तिला पटते, हेच अवघड आहे. ती वर पाहत राहिली, म्हणाली, "तुमची विलायत अशीच असेल, नाही?" मग कप फिरवत, हळूच: "क्षिप्रा गेली की मला घर खायला उठेल हो. तुमचं बरं आहे. तुम्हाला ऑफिस आहे."

दार सताड उघडले होते. एक पाऊल टाकायचे. "मीही घरीच असतो गं, जानेवारीपासून" — एवढेच शब्द. मोजून पाच.

मी म्हणालो, "चहा गार होतोय."

गुरुवार, ११ जून

व्हिसाच्या अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी क्षिप्राने आणली. शेवटची ओळ: पालकाच्या नोकरीचे पत्र — असल्यास.

"असल्यास म्हणजे काय? आहेच की," शुभदा म्हणाली. "उद्या घेऊन या. एका दिवसाचं काम."

'असल्यास' हा शब्द मी चार वेळा वाचला. अत्यंत दयाळू शब्द आहे. पत्राविना अर्ज पूर्ण होता. खात्यातली रक्कम पुरेशी होती. पण "नको" म्हटले असते तर "का नको" आले असते.

"आणतो," म्हणालो.

शनिवार, १३ जून

क्षिप्रा पोहायला गेली, शुभदा लिटिल इंडियात कढीपत्ता आणि कैऱ्या आणायला. घरात मी आणि छपाईयंत्र.

युरोपच्या सहलीसाठी २००७ साली बँकेने दिलेले पत्र संगणकात होते. तारीख बदलली. केवळ तारीख! बाकी शब्द न् शब्द बँकेचा, सही खरी. मनाशी असा युक्तिवाद केला आणि त्याच क्षणी तो ओळखला — चौकशीत समोर बसलेला प्रत्येक जण हाच करतो. "सर, केवळ तारीख."

अशी पत्रे पकडणे हाच माझा धंदा होता. नवशिक्यांना मी शिकवीत असे: पत्रावर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नका, संस्थेचा क्रमांक स्वतः शोधा आणि विचारा. माझे ते टिपण जगात इतरत्रही लोक वापरीत असतील. विद्वान सर्वत्र असतात.

छपाई उत्कृष्ट आली. जानेवारीनंतर माझ्या हातून पूर्ण झालेले हे एकमेव काम.

गुरुवार, २ जुलै

अर्ज गेला.

सुबोधला टान्जोंग पगारला बोलावून सारे सांगितले. त्याने चहाचा कप बाकावर ठेवला.

"काढून घे तो अर्ज," म्हणाला.

"काढायचा तर कारण सांगावं लागेल."

"मग सांग."

"उद्या—"

"मला नको सांगूस उद्याचं. तिला सांग. आज. बोलून चालून पोरीचं आयुष्य आहे रे, तुझी अब्रू नव्हे."

घरी आलो. क्षिप्रा लीड्सचा नकाशा पसरून बसली होती. "बाबा, युअर ओल्ड ऑफिस, वेअर?" मी बोट ठेवले. चष्मा नव्हता, बहुधा नदीवर ठेवले.

बुधवार, १५ जुलै

आज सांगितले नाही.

गुरुवार, २३ जुलै

सहा महिने पूर्ण. एखादा प्रकल्प असता तर अहवाल सादर केला असता. स्थानकात पाऊस ऐकत बसलो. तिथला एक हमाल सांगत होता, हे स्थानक बंद होणार म्हणतात — मग म्हणाला, तसे तर वीस वर्षे म्हणतात. मनुष्यास एवढा दिलासा पुरतो, की आपत्ती ठरलेली आहे, पण तारीख पडलेली नाही.

मंगळवार, ४ ऑगस्ट

लिफाफा सकाळी आला. मी टाय बांधत होतो. क्षिप्राने उभ्यानेच उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. तिसऱ्या ओळीपासून आवाज लहान झाला. नोकरीचे पत्र बनावट. बँकेस विचारणा केली असता सदर गृहस्थ जानेवारीपासून सेवेत नाहीत असे उत्तर. अर्ज नामंजूर. अर्जदारास दहा वर्षे प्रवेश नाही. अर्जदार म्हणजे मी नव्हे. ती.

शुभदाने गॅस बंद केला.

शाळेत जायला लागल्यापासून क्षिप्रा माझ्याशी मराठीत बोललेली नाही. आज बोलली.

"बाबा, मग तू रोज सकाळी जातोस कुठे?"