खडूची रेघ

३ मार्च
रेसच्या ट्रॅकसाठी गाडीला चाकं घ्यायला बाबांना नेलं. टायरवाल्याने सतरा इंची रिम पुढे केली — काळी, चकचकीत. मी भाळलेच. बाबांनी उचलून पाहिली, खाली ठेवली. "ही मिरवायला. पळायला हलकं चाक लागतं." पंधरा इंची घेतली. टायर मऊ रबराचे, नक्षी जवळजवळ नाहीच. कोरड्या ट्रॅकवर चिकटतात, ओल्यात दगा देतात.

टायरवरचे आकडे बाबांनी बोटांनी चाचपून वाचले. टायरवाला खूश — "साहेब डोळे मिटून टायर ओळखतात!" मीही हसले.

४ मार्च
ती हुशारी नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आत्ता आलो. दोन्ही बाजूंची नजर गेलीय. नळीतून दिसावं एवढं मधलं उरलंय, तेही धूसर.

"गाडी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. मला क्लच शिकवणारा माणूस — नुसतं बरं! आईला सगळं आधीच माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही.

६ मार्च
चाकं चढली. टायरच्या कडेवर खडूने आडव्या रेघा ओढल्या. वळणावर टायर कलतो, खडू पुसतो. कडेवर कोरलेल्या छोट्या त्रिकोणापर्यंत पुसला तर हवा बरोबर, वर राहिला तर हवा जास्त. रविवारी ट्रॅकवर कळेल.

आई चहा घेऊन आली. "गार असताना हे टायर घसरतात का गं?"

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं. आणि घरातला जुना विनोद केला — आईच्या हातात स्टिअरिंग दिलं तर भिंतच घाबरून बाजूला होईल. तो बाबांचा. आज मी एकटीच हसले.

७ मार्च
खडू पुसलाय. मी गाडी हलवलेलीसुद्धा नाही!

८ मार्च
सकाळी पुन्हा रेघा ओढल्या होत्या. कामावरून आले तर बॉनेट गरम. रेघा गेलेल्या. साध्या रस्त्यावर अशा जात नाहीत. वळणं जोरात घेतल्याशिवाय नाहीच.

बाजूने एखादं पोर सायकलवर आलं असतं तर? बाबांना दिसलं असतं?

बाबा खुर्चीत रेडिओ ऐकत होते. "गाडी कुठे नेली होती?"

"गोदामामागच्या मैदानात. तिथे कुत्रंही नसतं." लपवालपवी नाही, लाज नाही. वर विचारतात — "पुढच्यांचा खडू किती गेला?"

"त्रिकोणाच्या वर राहिलाय."

"आणि मागच्यांचा?"

"बरोबर त्रिकोणापर्यंत."

मांडीवर थाप मारली त्यांनी. "शाब्बास!"

स्वतःलाच शाब्बास म्हणतो हा माणूस! मी ओरडले. काय काय बोलले ते लिहवत नाही. आंधळा म्हणाले. बापाला. खुंटीवरची किल्ली काढून घेतली. त्यांनी तोंड उघडलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, परत मिटलं.

आई दारात उभी होती. पायात ते नवे कॅनव्हासचे बूट, पातळ तळव्याचे. गुडघ्यांसाठी घेतलेत म्हणते. तिच्यावरही ओरडले — तू घरात असून जाऊ कसं दिलंस? ती म्हणाली, "मी घरात नव्हते." मी ऐकून घेतलं नाही.

९ मार्च
बाबा बोलत नाहीत. किल्ली माझ्या उशीखाली. उद्या ट्रॅक, आणि मन उडालंय.

१० मार्च
ट्रॅकवर निघायच्या आधी आई खोलीत आली. बूट घालूनच. हात पुढे केला. "किल्ली दे."

"त्यांना नाही देणार."

"त्यांच्यासाठी कोण मागतंय? मला हवीय. ते शेजारी बसून नुसते ओरडतात. लायसन्स मागच्या महिन्यात आलं माझं."

मी उशीखाली हात घातला.

"आणि पुढच्या दोन्हींतली हवा जरा उतरव," ती म्हणाली. "वळताना गाडी बाहेर पळते."