साडेतीन हात जागा

॥ श्री ॥
परळ, मुंबई
ता. ११ ऑगस्ट १९५७

ती. सौ. राधाताईस,
जगदीशचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. पाचवा महिना लागल्याची बातमी आईनं आधी सगळ्या माळ्याला सांगितली आणि मग मला. मामा होणाऱ्याला चाळीत इतकीच किंमत आहे. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या तरी तू आता येऊ नकोस, हे मात्र तिनं बजावून लिहायला सांगितलं आहे.

इकडची मोठी बातमी म्हणजे आपला चौक नवा होणार. आपल्या भागातून यंदा म्युनिसिपालिटीत संयुक्त महाराष्ट्र समितीचा माणूस निवडून आला आहे. चाळकऱ्यांना विचारल्याशिवाय एक फरशीही हलवायची नाही, असं त्यांनी मंजूर करून घेतलं. चाळकमिटीनं नकाशाचं काम माझ्या गळ्यात घातलं. फोर्टातल्या कचेरीत बसून मी परक्यांचे बंगले गिरवतो, तर एकदा आपल्या दारातलाही कागद रंगव, असं कमिटीचे अध्यक्ष सीतारामदादा म्हणाले. खोलीमागे एक चिठ्ठी मागवली. एकशे नऊ आल्या. दादांना आखाडा हवा. दुसऱ्या माळ्यावरच्या बायकांना पापड वाळवायला कट्टा हवा आणि त्यावर पुरुषांनी विडी ओढत बसू नये, असा कायदाही हवा. एकानं स्वतःच्या छपराची गळती कळवली आहे.

मधोमध मी गोल बाग काढली आहे. तिच्यात झेंड्याचा खांब आणि खांबापाशी आपल्या रघूच्या नावाचा दगड. त्याला जाऊन दीड वर्ष झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या मोर्चात गोळीबार झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि आजवर त्याच्या नावाचा खिळासुद्धा कुठं नाही. आईला बरं वाटेल.

एकच गोष्ट खटकली. मागच्या चाळीतल्या आनंदाकडून आईनंही एक चिठ्ठी लिहून घेतली. तीत मयत ठेवायला जागा मागितली आहे. आनंदाच्या आईनं, गंगुबाईंनीही तेच मागितलंय. नव्या चौकाच्या शुभकार्यात असलं अभद्र कोण लिहितं? दोन्ही चिठ्ठ्या मी मुडपून फाईलच्या तळाशी घातल्या आणि वर शेरा मारला, ‘विचारात घेता येत नाही.’

आईचा खोकला आहे तसाच आहे. भाऊजींना नमस्कार. भावावर माया आहे ती बाळ आल्यावर पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जगदीश


॥ श्री ॥
देवगड
ता. २ सप्टेंबर १९५७

चि. जगदीश यास,
राधाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तू मामा होणार म्हणून मिशी वाढवली आहेस, असं ऐकते. बाळ घाबरेल, तेव्हा विचार कर.

चौकाची बातमी वाचून हरखले, पण आईच्या चिठ्ठीनं जीव थाऱ्यावर नाही. तिला तू अभद्र म्हणालास. बाबांना नळासमोरच्या फरशीवर ठेवलं होतं ते आठवतं का तुला? तिन्ही माळ्यांचे कठडे माणसांनी भरले होते. मी वरून पाहिलं तर बाबा एवढेसे दिसत होते. खोलीत मी त्यांना दोनदा हलवून उठवायला गेले होते. चौकात पाहिल्यावरच मला पटलं की ते गेले. आपल्या चाळीत माणूस खोलीत मरत नाही, चौकात मरतो.

रघूचं त्यातलं काहीच झालं नाही. पोलिसांनी परस्पर सगळं उरकलं आणि आपल्या हाती त्याची पैरण तेवढी आली. देह नाही म्हणून पळसाच्या पानांचा देह करून अग्नी द्या, असं भटजी म्हणाले, तेव्हा आईनं ती पानं उचलून तुझ्या पुढ्यात टाकली आणि जेवायला पत्रावळी लाव म्हणाली. त्या दिवसापासून ती रडलेली मी पाहिली नाही. अशा बाईनं दुसऱ्याच्या दारात जाऊन चिठ्ठी लिहून घेतली आहे. तीत काय शब्द आहेत ते मला जसेच्या तसे कळव, आणि तिला विचारल्याशिवाय त्या फरशीला हात लावू नकोस.

मला इथून हलता येत नाही. वैद्यांनी जिनासुद्धा चढायचा नाही असं सांगितलंय. आईला गरम पाण्यातून हळद देत जा. आणि माझ्यावर रागावलास तरी पत्र टाळू नकोस.

तुझी,
राधाताई


॥ श्री ॥
परळ
ता. ६ ऑक्टोबर १९५७

ती. सौ. राधाताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं. नकाशा तीस दिवस जिन्यापाशी टांगला होता. प्रत्येकानं आपापला कट्टा, आपापला नळ शोधला आणि खुशीत वर गेला. हरकत एकाचीही आली नाही. मंजुरीच्या कागदावर चाळीतर्फे माझी सही आहे. गुरं आणि हातगाड्या शिरू नयेत म्हणून रस्त्याच्या तोंडाशी फिरतं लोखंडी फाटक बसतंय, एका वेळी एकच माणूस आत येईल असं. कचेरीतल्या साहेबांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली.

आईला मी सगळा नकाशा समजावून सांगितला. रघूच्या दगडावर ‘हुतात्मा’ असं कोरणार आहेत, तेही वाचून दाखवलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, कपडे धुते, पण बोलत नाही.

काल मजूर फरश्या उखडायला आले, तर ती नळासमोर जाऊन बसली. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत. मुकादम माझ्याकडे बघत होता. शेवटी मी आणि सीतारामदादांनी तिला दोन्ही दंडांना धरून उचललं. ताई, तिचं वजनच राहिलेलं नाही. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. ती फक्त दादांना म्हणाली की जगूच्या हातून फरशी काढवू नका, त्याला लागेल.

स्वतःच्या मरणाची तयारी करते आहे ती, दुसरं काय? शब्द काय होते ते विचारू नकोस. पहिली ओळ वाचूनच अंगावर काटा आला, पुढं मी वाचलंच नाही. आपल्या भावाच्या नावाचा दगड मांडतोय, ह्यात मी कोणाचं वाईट केलं?

तुझा आशीर्वाद आता कमी पडू देऊ नकोस.

जगदीश


॥ श्री ॥
देवगड
ता. २० ऑक्टोबर १९५७

चि. जगदीश यास,
अनेक आशीर्वाद.

क्षेमकुशल लिहायला हात धजत नाही. जगू, मी तुझ्या पाया पडते. मोठी बहीण धाकट्याच्या पाया पडत नाही हे मला ठाऊक आहे. काम थांबव. साहेबांपुढे लोटांगण घाल, नोकरी गेली तर जाऊ दे, इथं येऊन नांगर धर. नळासमोरचा तेवढा तुकडा सोडायला सांग. साडेतीन हात माणूस असतो, तेवढीच जागा.

आणि ती चिठ्ठी वाच. माझी शपथ आहे तुला. सगळ्या चाळीच्या एकशे सात चिठ्ठ्या वाचल्यास आणि आईची एक वाचायला तुझा धीर झाला नाही?

मी इथं पडून आढ्याचे वासे मोजते आहे. येता आलं असतं तर मीच जाऊन त्या फरशीवर बसले असते. तिला सांग की राधा चांगली आहे, दोन घास जास्त खाते. आणि तुम्ही दोघं एका ताटात जेवलात, एवढं तरी कळव.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
परळ
ता. २४ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. राधाताईस,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे. खोकला थांबला. आता तिला काही त्रास नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस, दिवस भरत आलेत. काम थांबवण्यासाठी अर्ज दिला होता, पण हरकतींची मुदत संपली असं उत्तर आलं.

कामाच्या गडबडीत चारच ओळी लिहितो. राग धरू नकोस.

जगदीश


॥ श्री ॥
देवगड
ता. १० डिसेंबर १९५७

चि. जगदीश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाऊजींची तार मिळालीच असेल. मुलगा झाला. रंग आपल्या बाबांचा आणि आवाज सीतारामदादांचा. हे वाक्य आईला मोठ्यानं वाचून दाखव, ती हसेल.

तिला एक गोष्ट माझ्या वतीनं विचार, पण धीर धरून विचार. बाळाचं नाव रघु ठेवावं असं माझ्या फार मनात आहे. रघु परत येईल असं तिच्या मनात कुठंतरी आहे म्हणून आजवर हे बोलायचं धाडस झालं नाही. हयात मामाचं नाव भाच्याला कसं ठेवायचं, असं ती म्हणेल. पण तिनं एकदा हो म्हटलं तर तिच्याही छातीवरचा धोंडा उतरेल. ती हो म्हणाली तरच ठेवीन. बारसं तेवढ्यासाठी पुढं ढकललं आहे.

इथले सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. बाळंतिणीचे लाड असतील. उत्तर लगेच टाक. मामाचा जीव भाच्यावर जडू दे आणि थोडा माझ्यासाठीही उरू दे.

तुझी,
ताई


परळ
ता. २२ डिसेंबर १९५७

ती. सौ. राधाताईस,

पत्राच्या माथ्यावर श्री नाही, हे तुला दिसलं असेलच. भाऊजींनी कळवलं की आता तुला सांगायला हरकत नाही. आपली आई गेली. अठरा नोव्हेंबरला, सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास. मागचं पत्र मी त्यानंतर सहा दिवसांनी लिहिलं. भाऊजींनी तसं बजावलं होतं, पण खोटं लिहिणारा हात माझाच होता. तीन दिवसांचं सुतकही तुला धरू दिलं नाही. त्याचा दोष माझ्या माथ्यावर.

आता बाकीचं ऐक. आईला आम्ही जिन्यावरून खाली आणली. खाली बागेचं कुंपण आहे आणि कुंपणाभोवती दोन हातांची वाट. मी काढलेली. तिथं तिला ठेवायला जागा नव्हती. वर तिन्ही माळ्यांचे कठडे भरले होते आणि आम्ही चौघं तिला हातांवर घेऊन त्या वाटेवरून बागेला चक्कर घालत होतो. बाहेर रस्त्यावर ठेवावी म्हटलं, तर फाटकातून तिरडी निघेना. सरळ धरली तर अडायची, उभी करायची तर तो आईचा देह. सीतारामदादा लहान मुलासारखे रडायला लागले. कोणी म्हणालं की फाटक तोडा, पण तोडायला हत्यार कोणापाशी होतं?

तेवढ्यात दोन चाळींमधल्या घरगल्लीतून गंगुबाई आल्या. त्यांनी सांगितलं की आमच्या दाराशी आणा. मागच्या चाळीतली माणसं आजवर आपल्या चौकातून कधी नेली नाहीत, आपणच नेऊ दिली नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यांची माणसं तिथं मागेच ठेवतात, गटाराच्या कडेला. म्हणून गंगुबाईंनी चिठ्ठी दिली होती आणि तिच्यावर मी शेरा मारला होता. त्यांनी आपल्या दारापुढची जागा झाडून, पाणी मारून ठेवली होती. आईला तिथं ठेवलं. गरम पाणी त्यांच्या चुलीवर झालं. आमच्या माळ्यावरच्या बायका घरगल्लीतून एकेक करून आल्या, त्यातल्या कित्येक जन्मात पहिल्यांदा. मागच्या वाटेनंच तिला स्मशानात नेलं. मी कोणाच्याही तोंडाकडे पाहू शकलो नाही.

तेराव्याला आनंदा आला होता. गोळीबाराच्या दिवशी मोर्चात रघूच्या शेजारी तोच होता, तो परत आला. त्यानं विचारलं की आईंची चिठ्ठी पुरती वाचली होतीस का. मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तो चहा न घेता गेला. मग मी फाईल काढली. तू शपथ घातली होतीस तेव्हाही माझ्यानं झालं नव्हतं, ते तेव्हा केलं.

ताई, मला इतके महिने वाटत होतं की तिनं जागा स्वतःसाठी मागितली. तू जसेच्या तसे शब्द मागितले होतेस, ते उतरवून देतो. अक्षर आनंदाचं आहे, खाली आईचा अंगठा आहे.

‘मयत ठेवण्यासाठी नळासमोर साडेतीन हात जागा मोकळी ठेवावी. माझ्या रघूला अजून आणायचे आहे. तो येईल तेव्हा सर्वांनी कठड्याशी उभे राहावे.’

त्याच जागेवर आता त्याच्या नावाचा दगड आहे. मुदत संपली म्हणून दगड हलवता येत नाही. दुसरा अर्ज दिलाय, तिसराही देईन. मुलं बागेत जात नाहीत, घरगल्लीत खेळतात. मी येता-जाता नळाशी थांबतो आणि वर बघतो. कठड्याशी कोणी नसतं.

आईला विचारायचं राहिलं, म्हणून तिच्या वतीनं मीच लिहितो. बाळाला माझे आशीर्वाद सांग, आणि जमलं तर माझ्यावरची माया अगदीच आटू देऊ नकोस. पण त्याचं नाव रघु ठेवू नकोस.

तुझा,
जगदीश