अर्थिंगची तार

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार
लष्कराच्या भंगारातला ऑसिलोस्कोप, विजेची लहर पडद्यावर दाखवणारा डबा, आज कॉलेजात आला. पडद्यावर हिरवी रेघ हलली तेव्हा टाळ्या पिटायच्याच बाकी ठेवल्या होत्या मी. विभागप्रमुख सरांचं फर्मान: शुक्रवारी भोपाळचे साहेब तपासणीला येतायत, त्यांना मेन लाइनची लहर दाखवा. नवं राज्य झालं, पण आम्हा टेंपररी डेमॉन्स्ट्रेटरांचं काय, कुणाला पत्ता नाही. साहेब खूश झाले तर पक्का होईन. नाहीतर बोऱ्याबिस्तर.

२० मंगळ
डब्यावर लिहिलंय, तीनशे व्होल्टच्या वर देऊ नये. लाइन दोनशे तीस. म्हटलं, बहुत बढिया. जोडलं आणि फटाक! फ्यूज गेला. घरी चहा पिताना आठवलं, दोनशे तीस हे लहरीचं टोक नव्हेच, टोक तीनशे पंचवीसला जातं. दर वर्षी हेच शिकवतो पोरांना. धन्य माझी! पण फ्यूज काही त्यानं उडत नाही...

२१ बुध
सापडलं. डब्याच्या जोडणीचं एक टोक आतून त्याच्याच पत्र्याला जोडलेलं, पत्रा अर्थिंगला. ते टोक चालू तारेला लावलं की वीज सरळ जमिनीत. मग? प्लगमधली अर्थिंगची तार कापली. व्होल्टेज कमी करायला मध्ये रेझिस्टन्स घातले. लहर आली! सरांना बोलवायला धावलो.

२२ गुरु
काल पुढचं लिहवलं नाही. डबा चालूच सोडून गेलो होतो. आमचे अटेंडंट गेंदालालजी, पेन्शनला दोन वर्षं राहिलेला माणूस, साहेब येणार म्हणून ओल्या फडक्यानं डबा पुसायला गेले. तार कापलेली, म्हणून पत्र्यात वीज. फेकले गेले. तळहात भाजला, खांद्याला मार. सर त्यांना घेऊन दवाखान्यात गेले तेवढ्यात मी तार परत जोडून टाकली. कशाला जोडली ते मला माहीत आहे.
सरांच्या रिपोर्टात: ओलं फडकं, अटेंडंटचा निष्काळजीपणा. तारेचा उल्लेख नाही.

२३ शुक्र
साहेबांना लहर दाखवली, घंटीच्या सहा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवरून. तीच लहर, हात लागला तरी भीती नाही. ट्रान्सफॉर्मर सोमवारीही कपाटातच होता. साहेब खूश. सरांनी तो रिपोर्टही त्यांच्यापुढे सरकवला. नोकरीवर येणार म्हाताऱ्याच्या.

२४ शनि
जेवण जात नाही. सौ. म्हणते, पक्के होणार तर तोंड का पाडून बसलात?

२५ रवि
माधव नगरात गेंदालालजींच्या घरी गेलो. हाताला पट्टी, तरी उठून खाट झटकली माझ्यासाठी. कसंबसं तोंड उघडलं, तार मीच...
"मालूम है, साब. काटते हुए देखा था मैंने. सोचा, पढ़े-लिखे हैं, समझकर ही काट रहे होंगे."
चहा आला. लाज वाटली, इतकी कधी वाटली नव्हती.

२६ सोम
सगळं लिहून सरांना दिलं, तार परत जोडली तेसुद्धा. वाचून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमचं नाव आजच भोपाळला जातंय. हे घरी घेऊन जा, विचार करा."
कागद त्यांच्या टेबलावरच सोडून आलो. त्यांनी पुढे पाठवला की फाडला, कोण जाणे.