कडब्याच्या पाण्यावरची साय

सर, रिसोडच्या स्टँडवर बसून लिहितो आहे. समोर आपल्या गावावरून परत जाणारी मालेगावची गाडी उभी आहे आणि चढावं की नाही ते ठरत नाही. परवा आखजी, अक्षय्य तृतीया. काल तुमच्या घरी गेलो, तर काकूंनी चहाची बशी खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "औंदा सरांची घागर तू भर." गेलेल्या माणसाच्या नावानं लेकानं भरायची घागर, तुम्हाला लेकरू नाही, आणि इतके दिवस भरणारा पुतण्या नोकरीला लांब गेला. मी म्हटलं, "काकू, धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी हे बंद हाये. बाबा मले घरात घेनार नाहीत."

"तसाबी तू घरात कवा असतो?" त्या हसल्या नाहीत. "आन औंदापुरतंच नाही. दरसाली या लागन."

सांगतो म्हणून उठलो आणि मिळेल त्या गाडीनं इकडे आलो. बाबांचंही खोटं नाही, सर. त्यांच्या बापाला गावच्या विहिरीवर घागर बुडवू देत नव्हते. आणि तुम्ही असता तर म्हणाला असता, मेलेल्याला कसली तहान!

दुष्काळाचं वर्ष आठवतं. आम्ही रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकर खाऊन शाळेत यायचो आणि तुम्ही डब्यात कडबा उकळत होता. शिपाई म्हणाला, "बैलाले कडबा नाही अन् सर काढा करून राह्यले!" चार-सहा दिवसांनी त्या पाण्यावर सुरकुतलेली साय धरली. तुम्ही तिचा कण काचेवर घेता, मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. काही जंतू सुळसुळ पोहत आहेत, काही एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या झाले आहेत, काहींच्या पोटात चकचकीत ठिपका.

"किती जातीचे हायेत, सर?"

"एकाच मायची लेकरं. हा पोहते, हा डिंक करून सगळ्याले धरून ठेवते. ठिपकेवाल्यानं बीज धरलं, तो उकळ्या पाण्यातबी मरत नाही."

"मंग याहिले कोन सांगते, तू हे हो अन् तू ते?"

तुम्ही चष्मा पुसला. "शेजारी पाण्यात काय सोडते, ते याले लागते. खायला कमी पडलं, तेबी लागते. त्यावरून तो बदलते. पुरतं मलेबी उमगलं नाही रे." तेवढ्यात मी डब्यातल्या सायीत बोट घातलं. "काहून फोडली? एकेकटे असते तर कवाच वाहून गेले असते ते!"

दुष्काळ सरायच्या आधीच तुम्ही गेलात. मी शाळा सोडली. जिनिंगमध्ये राहिलो, ट्रकवर क्लीनर झालो, एका तमाशाच्या तंबूचे खुंटेही ठोकले, पण ती गोष्ट लांबेल. आपण पोहणाऱ्यांतले, असं धरून चाललो. पोहणाराही कुठं चिकटला की डिंक करू लागतो, हे तुम्हीच सांगितलं होतं, ते मात्र सोयीनं विसरलो. कालपासून तेच डोक्यात घोळतं आहे. भटकणं माझ्या अंगातलंच आहे, की आजवर कुणी राहा म्हटलंच नाही? आणि काकू म्हणतात तसा तुमचा लेक झालो, तर बाबांचा कोण उरतो मी?

बाबांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. हा कागद खिशातच राहील. पण तुमच्याशी खोटं कशाला? मघाशीच खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकून आलो आहे.